पाच वाजताची भूक

"मॅडम, नमस्कार. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात आहे. घरी आम्ही पाच जण. मी, आमचे हे, सासूबाई, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा. चार एकर कोरडवाहू वावर आहे, शिवाय मी निंदणाला, वेचणीला मजुरीनं जाते. मुलगा घरचं काही खात नाही. भाकर पाहिली की तोंड फिरवतो, भाजी दिसली की ताट सरकवतो. सकाळी चहा-टोस्ट आणि शाळेतून आला की दुकानातला पाच रुपयांचा पुडा, कधी दोन. पैसे सासूबाई देतात. मी काही बोलले तर म्हणतात, 'पाच रुपयानं काय होते वं, लेकराचा जीव तरी राह्यते.' रात्री मोबाईल लावून दिला तरच चार घास पोटात जातात, तेही मी भरवले तर. मोबाईल काढला की रडारड. यांना पालेभाजी आवडत नाही, ते पाहून तोही नाही म्हणतो. शाळेतल्या मॅडम मात्र सांगतात की खिचडी सगळी खातो, परत मागतो. मला ते खरं वाटत नाही. मुलीचा काही त्रास नाही, ती दिलं ते खाते. मुलगा दिसायला किडकिडीत आहे. शेजारीण म्हणते, मेडिकलमधून भूक वाढायचं टॉनिक आण. आणू का? आणि घरात भांडण न होता त्याला खायला कसं लावू?"

– एक आई

ताई, शाळेतल्या मॅडम खरंच सांगत आहेत. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते तेवढंच वाक्य. जो मुलगा दुपारी ताटभर खिचडी खातो आणि वर परत मागतो, त्याला भूक लागते, चावता-गिळता येतं, डाळ-तांदूळ चालतो, खिचडीत पडलेली भाजीही चालते. पोरगं नीट आहे. घरातली खाण्याची घडी विस्कटली आहे, आणि ती पुन्हा बसवता येते.

शाळेच्या व्हरांड्यातली ती पंगत मी पुष्कळदा पाहिली आहे. हात धुवायला नळापाशी रेटारेटी होते, मग पोरं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसतात, पुढ्यात स्टीलचं ताट. स्वयंपाकीण बाई मोठ्या डावानं वाढत पुढे सरकते. कुणाचं ताट कुणाहून वेगळं नाही. "खा ना रे राजा" असं कुणी म्हणत नाही, कुणी घास भरवत नाही, कुणासमोर मोबाईल नाही. शेजारचा दोस्त खातो आहे, मग आपणही खायचं. आणि सकाळपासून शाळेत पळून पळून पोट रिकामं झालेलं असतं. बघता बघता ताटं साफ. पहिली ते पाचवीच्या मुलाला या एका जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी मिळावी, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असं सरकारी प्रमाण ठरलेलं आहे. सहा वर्षांच्या मुलाची दिवसभराची प्रथिनांची गरज साधारण १६ ग्रॅम. म्हणजे खिचडी नीट शिजत असेल आणि तो दोनदा घेत असेल, तर शाळेच्या दिवशी अर्ध्याहून जास्त काम तिथेच होऊन जातं. तेव्हा 'तो काहीच खात नाही' ही धास्ती आधी मनातून काढा. धास्तावलेली आई ताट घेऊन मागे लागते आणि जितकं मागे लागावं तितकं पोरगं पुढे पळतं.

आता घरचा दिवस पाहू. सकाळी सातला गोड चहा आणि टोस्ट. तुमची निंदणाला निघायची घाई. दहाला शाळा, दीडच्या सुमारास खिचडी, पाचला घरी. आल्या आल्या पुडा, मग बहुधा आजीसोबत पुन्हा घोटभर चहा. तुम्ही वावरातून येता सहा-साडेसहाला, चुलीपाशी बसेपर्यंत सात वाजतात, ताटं वाढेपर्यंत साडेआठ. या सगळ्या दिवसात पोराला कडकडून भूक लागते ती दुपारी दीडला आणि सायंकाळी पाचला. दीडची भूक शाळा भागवते. पाचची भूक दुकान भागवतं. साडेआठला तुम्ही दमून-भागून गरम भाकर पुढ्यात ठेवता, तेव्हा भूक केव्हाच मेलेली असते आणि डोळ्यांवर झोप असते. मग उरतो मोबाईल.

म्हणून रात्रीच्या ताटावरचं भांडण तूर्त सोडून द्या. तयारी पाच वाजताची करा. महिनाभर तुमचा सगळा जोर त्या एका वेळेवर लागू द्या.

पुड्याबद्दल दोन शब्द बोलते, कारण सासूबाईंना ते समजावून सांगावं लागेल. पुड्याच्या मागे वजन आणि आत काय आहे ते छापलेलं असतं. मुलीला ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला सांगा. पीठ, तेल, मीठ, मसाला, रंग. तळलेल्या अशा खाऊत १०० ग्रॅममागे ५०० च्या वर कॅलरी असतात, पण त्यातून हाडा-मांसाला लागणारं फारसं काही मिळत नाही. सहा वर्षांच्या पोराचं पोट लहान. तेवढा पुडा त्याची भूक मारायला पुरेसा होतो. रोजचे दोन पुडे धरले तर महिन्याला ३०० रुपये होतात. गावात अंडं ७ रुपयांना पडत असेल तर एवढ्यात चाळीसच्या वर अंडी येतात. अंडी चालत नसतील तर त्या पैशांत दोन्ही मुलांना महिनाभर रोज मूठमूठ शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळेल, वर काही उरेलही.

पाच वाजता काय द्यायचं? जे तो जेवण म्हणून नाकारतो तेच, पण ताट न मांडता. मूग रात्री भिजत घाला, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवा. शिजवायचं मात्र चार-साडेचारला. पावसाळ्याच्या दमट हवेत सकाळी शिजवलेलं कडधान्य सायंकाळपर्यंत आंबतं. घुगऱ्या गरम असताना त्यात मीठ, चिमूटभर तिखट, बारीक कांदा, भेदरं म्हणजे टोमॅटो, वरून सांभार म्हणजे कोथिंबीर आणि लिंबू. लिंबू विसरू नका, कडधान्यातलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. एखाद्या दिवशी सकाळची भाकर कुस्करून लसूण-मोहरीची फोडणी द्या. एखाद्या दिवशी भाकर-गूळ-तूप, किंवा ज्वारीच्या कण्या ताकात. घट्ट वरणात भाकर चुरून दिली आणि वर जवसाची चटणी भुरभुरली, तर तेही मुलं चाटूनपुसून खातात. वाटीत द्या, ओसरीवर बसून खाऊ द्या, सोबत शेजारचं एखादं पोरगं असेल तर त्यालाही चार दाणे द्या. पंगत झाली की खाणं आपोआप होतं, ते शाळेत त्यानं दाखवून दिलं आहेच.

या वेळी तुम्ही वावरात असता. मग हे करायचं कुणी? अकरा वर्षांच्या मुलीवर हे काम टाकू नका. तीही त्याच वेळी भुकेली घरी आलेली असते. हे काम सासूबाईंचं, आणि त्यांना ते मनापासून आवडेल असं मला वाटतं. नातवाला पाच रुपये देताना त्यांच्या मनात एवढंच असतं की लेकरू भुकेलं आलं आहे आणि आपल्या हातून त्याला काही मिळावं. ती माया खरी आहे. त्यांच्याकडून ती हिसकावून घेतलीत तर घरात भांडण होईल आणि पोरगं लपून पैसे मागायला शिकेल. त्यापेक्षा पाचची वाटी आजीच्या हातची करा. "आई, तुमच्या हातच्या घुगऱ्या तो खातो, माझ्या नाही खात" असं म्हणून पाहा. त्यांच्या लहानपणी कण्या, आंबील, उकडलेल्या शेंगा हेच मधल्या वेळचं खाणं होतं. ते रांधायला त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांना चुलीपाशी बसवत नसेल तर भाजलेले दाणे, फुटाणे, गूळ, केळ असं बिनविस्तवाचं त्यांच्या हाताशी काढून ठेवून जा.

पुडा एकदम बंद करू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी एक पुडा, आजीच्याच हातून, सगळ्यांच्या देखत, दोन्ही मुलांना सारखा. मधल्या दिवशी मागितला तर रागवायचं नाही, "बाजाराच्या दिवशी" एवढंच सांगायचं. पहिल्या आठवड्यात तो जमिनीवर लोळेल, दुकानाकडे पळेल, आजीचा पदर ओढेल. त्या आठवड्यात तुम्ही तिघं मोठी माणसं एका बोलीवर राहिलात की पुढचं सोपं जातं. एकानं नाही म्हणायचं आणि दुसऱ्यानं हळूच द्यायचं असं झालं, तर मात्र पोरगं रडण्याचाच धडा घेईल. दुकानदार गावातलाच असेल; उधारीवर पोराला काही देऊ नका, हे यजमानांनी त्याला एकदा सांगून ठेवलं तर बरं.

आणखी एक सुचवते. पाच रुपयांची गंमत नुसती खाण्यात नसते, दुकानात जाऊन स्वतः नाणं देऊन काही विकत घेण्यात असते. ती गंमत त्याला राहू द्या. बाजाराच्या दिवशी दहा रुपये त्याच्या हातात द्या आणि म्हणा, आज एक भाजी तू घ्यायची, वाटेल ती. तो आलू आणेल, चालेल. पुढच्या बाजारी भेंडी आणेल. मुलानं स्वतः निवडून, पिशवीत घालून आणलेल्या भाजीला घरात निराळा मान असतो, ती रात्री त्याच्या नावानं वाढा.

खाण्याच्या बाबतीत आईचं काम कुठे संपतं आणि मुलाचं कुठे सुरू होतं, हे अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी फार स्वच्छ सांगून ठेवलं आहे. काय रांधायचं, कधी वाढायचं, कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं ठरवायचं. आपल्याकडे हे अगदी उलटं होऊन बसतं. काय खायचं ते पोरगं ठरवतं आणि किती खायचं ते आई ठरवते. लिॲन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जबरदस्तीनं खायला लावलेला पदार्थ मुलांना आणखी नकोसा होतो, बक्षीस म्हणून दिलेला पदार्थ जास्त हवासा होतो, आणि डोळ्यांसमोर ठेवून हात लावू न दिलेल्यावर तर त्यांचा जीवच जातो, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. "भाजी संपव, मग बिस्कीट देते" असं आपण म्हणतो ना, त्यानं भाजी शिक्षा होते आणि बिस्कीट बक्षीस. हे वाक्य आजपासून बंद करा. नवा पदार्थ मुलाला आपला वाटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, समोर यावा लागतो हेही अशाच अभ्यासांत दिसलेलं आहे. तीनदा वाढली, खाल्ली नाही, म्हणून त्याला आवडत नाही असं ठरवून भाजी त्याच्या ताटातून कायमची काढू नका. एक चमचा वाढत राहा. नाही खाल्ली तर उचलून घ्या, चेहऱ्यावर काही दाखवू नका.

रात्रीचं जेवण. पाचला पोटभर खाल्लं की साडेआठला त्याला थोडंच लागेल, ते मनाशी धरूनच वाढा. जमलं तर आठलाच बसा. मोबाईल त्या वेळी सगळ्यांचाच बंद, यजमानांचाही, एका ठिकाणी चार्जिंगला लावलेला. पडद्याकडे पाहत खाणाऱ्या मुलाला आपण काय खातो तेही कळत नाही आणि पोट भरलं तेही कळत नाही. तोंड नुसतं उघडलं जातं. पहिल्या रात्री तो जेवणार नाही, हे आताच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. ताटात अर्धी भाकर, वरण, एक चमचा भाजी, आणि त्याला हमखास चालतं असं एक काही, म्हणजे भात किंवा दही. "तुला हवं तेवढं खा" एवढंच म्हणायचं. भरवायचं नाही. उठून गेला तर जाऊ द्यायचं, ताट झाकून ठेवायचं. नऊ-साडेनऊला भूक लागली म्हणाला तर तेच ताट. त्याच्या बदल्यात टोस्ट नाही, दूध-बिस्कीट नाही. ज्याचं वजन ठीक आहे आणि ज्यानं दुपारी-सायंकाळी खाल्लं आहे, अशा मुलाला एका रात्रीच्या कमी जेवणानं काही होत नाही. तुमच्या जीवाला मात्र ते कठीण जाईल. अशा वेळी सासूबाईंनी आणि यजमानांनी तुमच्या बाजूनं उभं राहायला हवं, म्हणून हे सगळं सुरू करण्याआधी त्या दोघांना हे पत्र वाचून दाखवा.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण पोराची नजर कायम त्यांच्याच ताटावर असते. त्यांना पालेभाजी आवडत नाही, नसू दे. चारचौघांत नाक न मुरडता दोन घास खाणं त्यांना जमेल का, एवढंच विचारा. बापानं आंबाडीची भाजी भाकरीला लावून खाल्ली आणि काही बोलला नाही, तर त्याचा परिणाम तुमच्या शंभर विनवण्यांहून जास्त होतो. त्यांच्या आवडीतूनच वाट काढा. पिठलं त्यांना आवडत असणार. त्यात मूठभर मेथी किंवा कांद्याची पात पडू द्या. डुबुकवड्यांच्या पिठात सांभार, पालक चिरून घाला. आंबाडी शिजवताना तुरीची डाळ आणि कण्या घालून घोटली, वरून लसणाची लालभडक फोडणी ओतली, की पालेभाजी न खाणारा माणूसही दुसऱ्यांदा मागतो. भाजी लपवून खाऊ घालावी असं माझं म्हणणं नाही. हिरवं आहे ते हिरवं दिसू द्या, कशात काय आहे ते मुलांना सांगा.

तुमचा सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं, उन्हाळ्यात परसबाग जगवणं जिकिरीचं, भाजी बाजारातून विकत आणावी लागते, हे मला ठाऊक आहे. पण आता पावसाचं पाणी आहे. धुऱ्यावर घोळ, तरोटा, आंबाडी उगवते, निंदताना तुमच्याच हाताखालून जाते. निंदणाहून परतताना कोवळी कोवळी खुडून पदरात आणा. फवारणी झालेल्या कपाशीतली मात्र घेऊ नका. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला आणि मेथी सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा, चैत्र-वैशाखात वरणात घालायला होते. आणि तुमच्या काळ्या मातीत जे पिकतं ते तर सोनं आहे. मूग, उडीद, तूर, हरभरा. माझी कळकळीची विनंती आहे की मूग निघाले की सगळे आडतीला घालू नका. घरच्या पाच माणसांसाठी दोन-चार पायल्या आधी बाजूला काढा, मग उरलेले विका. तुरीचंही तसंच. पैशाची निकड असते हे कळतं, पण घरचे मूग विकून त्याच पैशांतून पोराचे पुडे येत असतील तर तो सौदा फार महागात पडतो. पौषात हिरव्या तुरीच्या शेंगा उकडा, सोले काढून भात करा, टहाळ भाजून द्या. या दिवसांत मुलांना काही खा म्हणावं लागत नाही.

आता तुमच्या मुलीकडे येते. "मुलीचा काही त्रास नाही, ती दिलं ते खाते." पोराच्या हट्टाची मला एवढी काळजी वाटली नाही, या वाक्यानं वाटली.

अकरा वर्षांची मुलगी म्हणजे झपाट्यानं वाढण्याचं वय. पाळी आली नसेल तर लवकरच येईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १० ते १२ वयाच्या मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम लोह लागतं. त्याच वयाच्या मुलाला १६ पुरतं. आणि घरात काय होतं? जो रडतो त्याच्या ताटात तूप पडतं. जी रडत नाही ती वाढायला मदत करते, धाकट्याला सांभाळते आणि शेवटी उरलेल्या वरणात भाकर बुडवून उठते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यातल्या कितीतरी 'दिलं ते खाणाऱ्या' घरांतल्याच असणार. तुमच्या मुलीला जिना चढताना धाप लागते का, अभ्यासाला बसली की डुलक्या येतात का, खालची पापणी ओढली तर आत लाल न दिसता फिकट दिसतं का, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का, हे उद्या उजेडात बसवून पाहा. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, पाचवीपर्यंत गुलाबी आणि सहावीपासून निळी. ती तिला मिळते का आणि ती खरंच गिळते का, विचारा. पोटात मळमळतं म्हणून पुष्कळ मुली ती दप्तरात ठेवतात. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. शी काळी झाली तर घाबरायचं कारण नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळी शाळेत आणि अंगणवाडीत मिळते, तीही दोघांना चुकवू देऊ नका. जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही.

दोन्ही मुलांचा चहा थांबवा. चहानं भूक मरते आणि जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या घेतला तर अन्नातलं लोह शरीरात जायचं राहतं. सकाळी दूध-भाकर द्या, दूध डेअरीला जात असेल तर ताक-भाकर, तेही नसेल तर रात्रीचं वरण गरम करून त्यात भाकर. तुम्ही मोठ्यांनीही जेवण आणि चहा यांच्यात तासभर जाऊ द्यावा.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मॅडमनी माझ्यावरचं काम आणखी वाढवलं. दिवसभर वावरात वाकून काम करता, त्यात पाच जणांचा स्वयंपाक, आणि जेवता सगळ्यांच्या मागून. घरात एक तरी बदल तुमच्यासाठी व्हायला हवा. रात्रीचं जेवण पाचही जणांनी एकत्र बसून घ्यायचं. भांडी मधोमध ठेवा, ज्याला जे लागेल ते ज्यानं त्यानं हातानं घ्यावं. भाकर गरम हवी म्हणून एक बाई चुलीपाशी आणि बाकी सगळे ताटावर, ही रीत रोजची राहिली तर मुलीनंही तीच उचलली असं समजा. भाकर थोडी निवली तरी पोट भरतं. आणि आई शेजारी बसून स्वतः जेवते आहे, असं दिसलं की पोराच्या मागे लागायला कुणी मोकळंच उरत नाही.

आता टॉनिक. शेजारीण चांगल्या मनानं सांगते, पण आणू नका. भूक वाढवणारी म्हणून जी औषधं मेडिकलमध्ये सर्रास मिळतात, त्यांपैकी बऱ्याच बाटल्यांत सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध. त्यानं मुलाला गुंगी येते, काही दिवस जास्त खातो, बाटली संपली की भूक पुन्हा जागच्या जागी. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय ते पोराला देऊ नये. रक्तवाढीचं टॉनिकही स्वतःहून नको. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या आजारातही मूल फिकट, किडकिडीत दिसतं, हातपाय दुखतात, वारंवार ताप येतो, पण तिथे रक्त कमी असण्याचं कारण निराळं असतं आणि लोह द्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं लागतं. घरात, नात्यात कुणाला सिकलसेल असेल तर ते आवर्जून सांगा.

किडकिडीत दिसणं आणि वजन कमी असणं यात फरक आहे. जन्माला तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोचं होतं, पुढे मात्र वर्षाला दोनेक किलोच वाढतं, आणि या वयात पोरं उंच होताना बारीकच दिसतात. सहा पूर्ण झालेल्या मुलाचं वजन १६ किलोच्या खाली किंवा उंची १०६ सेंटिमीटरच्या खाली असेल, वजन महिनोन्‌महिने वाढतच नसेल किंवा घटलं असेल, जुलाब-खोकला हटत नसेल, तर मी वर सांगितलेलं 'ताट झाकून ठेवा' वगैरे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत वजनकाटा असतो. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, ते कधी येणार आहे हे मॅडमना विचारा.

पण त्यासाठी थांबू नका. निंदणाला एक दिवस खाडा पडेल, पडू द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी फुकट होते, सकाळी लवकर गेलात तर दुपारपर्यंत घरी याल. तिथे तीन चिठ्ठ्या काढा: पहिली मुलीची, मग मुलाची, आणि तिसरी तुमची स्वतःची.